एक्क्याण्णव अंश

सारोळ्यात हायवेलगतच्या पत्र्याच्या गाळ्यात सारिका लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. दोन उन्हाळे ती पंखा मागत होती, आणि मालक कुमारशेठ म्हणायचे, "रानात खुरपणाऱ्या बायांना कोण पंखा लावतं गं?"

यंदा तिने कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिममधला मशीनच्या आतल्या तापमानाचा आकडा कायम पडद्यावर दिसेल असा लावून ठेवला. एक्क्याण्णव अंश बघून शेठनाच घाम फुटला. "आगं, जळंल की मशीन!" म्हणत ते तासाभरात नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या शिरवळहून पंखा घेऊन आले.

संध्याकाळी बघतात तर पंख्याचं तोंड सारिकाकडं. "आन् मशीन गं?"

तिने पडद्याकडं बोट केलं. पन्नास अंश.



"आतली धूळ झाडली. मशीनला नुसता ब्रश पायजे हुता, शेठ. पंखा मला पायजे हुता."