उकडीचे की तळणीचे

"गाव कुठलं गं तुमचं?" प्राचार्य जयंती वडगावकर यांनी विचारलं आणि चेतना जाधव खुर्चीत ताठ झाली.

इतका वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. मुलुंडच्या या कॉलेजात बी.एड.ची एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी मुलाखती होत्या. सीईटीचे गुण बघून झाले, बी.ए.ला इतिहास का घेतला ते विचारून झालं, आठवीच्या मुलांना अठराशे सत्तावन कसं शिकवशील, तेही झालं. मग गाव कशाला? मुंबईत जात कुणी विचारत नाही, एवढं शहर सुधारलेलं आहे. इथे गाव विचारतात, आडनावाची फोड करून मागतात, आणि तरीही पत्ता लागला नाही तर जेवणाखाणावर येतात. गेल्याच आठवड्यात घाटकोपरच्या एका कॉलेजात हेच झालं होतं. गाव ऐकल्यावर तिथल्या सरांनी फाइल मिटली, ‘कळवतो’ म्हणाले, आणि अजून कळवतायत.

या वेळी चेतना तयारीने आली होती. जातवैधतेचा दाखला अजून हातात पडला नव्हता, म्हणून अर्ज खुल्या गटातून भरलेला. जाधव हे आडनाव तर कुठेही खपणारं. कागदावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. राहिलं तोंड, ते तिने सांभाळायचं ठरवलं होतं. ज्या शाळेत ती शिकवत होती, तिथून यंदा स्पष्ट सांगण्यात आलं होतं, बी.एड.ला नाव लागलं नाही तर दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊ नका. म्हणजे ही जागा गेली की नोकरीही गेली.

"सातारा," ती म्हणाली. गाव वाशीमकडचं होतं.

मॅडमनी मान डोलावली. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर बारीक टिकली आणि बोलण्यातला प्रत्येक ‘ण’ जागच्या जागी. बाई कोण असणार, याचा निकाल चेतनाने आत आल्या आल्याच लावून टाकला होता.

"आणि राहता गोवंडीला."

"स्टेशनच्या बाजूला, मॅडम. आत झोपडपट्टीत नाही."

असं कुणी विचारलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"आता गणपती आलेच. गावी जाल?"

हा प्रश्न तिला लांबूनच येताना दिसला होता. "नाही मॅडम. इथे आमच्या घरीच असतो. दीड दिवसाचा."

तिच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, गणपती कधी आला नव्हता. तिच्या वडिलांच्या, नानांच्या, कानावर हे गेलं असतं तर ते दोन दिवस जेवले नसते.

"अरे वा. मग मोदक कोण करतं?"

"आई."

"उकडीचे की तळणीचे?"

दरवर्षी शेजारच्या गंधालीकडून येणारं ताट चेतनाच्या डोळ्यांपुढे आलं. पांढरेशुभ्र मोदक, वर तुपाची धार. "उकडीचे," ती ठणकावून म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं.

"साताऱ्याकडे तळणीचे करतात गं. देशावर सगळीकडेच. उकडीचे कोकणातले."

वाट लागली, चेतना मनात म्हणाली. बाई सापळा लावूनच बसली होती तर! तिला स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त समोरच्या साडीचा, त्या टिकलीचा. शिक्षिका हवी आहे की स्वयंपाकीण, असं तोंडावर फेकून चालतं व्हावं असं तिला वाटलं. पण जागा एकच होती. ती बसून राहिली.

"मलाही उशिराच कळलं ते," मॅडम म्हणाल्या. "तोवर मीसुद्धा बिनधास्त उकडीचे सांगायचे."

बोलता बोलता त्यांनी अर्जावर शेरा लिहिला, ‘प्रवेश द्यावा’, आणि खाली सही केली. चेतनाने समोरून उलटा दिसणारा तो शेरा दोनदा वाचला. तिचा विश्वास बसेना. आणि हे ‘मीसुद्धा’ काय होतं? आणखी एखादी युक्ती? तिची नजर टेबलावरच्या पाटीकडे गेली. वडगावकर. गावाला ‘कर’ जोडला की माणसाला मागचं सगळं झाकता येतं, असं नाना नेहमी चिडून म्हणायचे. चेतनाने पुन्हा बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तिथे काही वाचता येईना.

"ऑफिसात मूळ कागद दाखव. सोमवारपासून ये."

"थँक्यू मॅडम."

आनंद व्हायला हवा होता. तो होत नाही याचं नवल करत ती दारापर्यंत पोचली.

"चेतना," मागून हाक आली. "मोठी माणसं आडून विचारतात, म्हणून आपलंही आडून भागतं. वर्गातली पोरं सरळ विचारतात. बाई, तुम्ही कोण? मला विचारलं होतं नववीतल्या एका मुलीने. नोकरीच्या पहिल्याच वर्षी."

चेतनाचा हात दारावरच राहिला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खाली बस म्हटलं." मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "बसली ती. पुढे वर्षभर त्या वर्गाने मला एकही प्रश्न विचारला नाही."