जिथला दगड तिथे

गर्गे वकिलांनी अठ्ठ्याहत्तर साली पंचवटीतलं आजोबांचं घर दुरुस्तीला काढलं, आणि गवंडीकाम मला मिळालं. त्यांची अट एकच होती. "नवं काही दिसायला नको. आजोबांच्या वेळी होतं, तसंच सगळं राहू दे."

चार महिने खपलो. सिमेंटला हात न लावता भिंती चुन्यातच सावरल्या. मागच्या दारापासून चार हातांवर एक सपाट दगड मातीत बुजलेला सापडला. तो कशासाठी होता, ते वकिलांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. जुना आहे म्हणून उकरून काढला, घासून स्वच्छ केला आणि होता तिथेच पुन्हा बसवला.

काम संपल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आमच्या बौद्धवाड्यातून घर दाखवायला आणलं. तरुणपणी ते इथे लाकडं फोडायला यायचे, एवढंच त्यांच्या तोंडून कधीतरी ऐकलं होतं. मी पुढचं दार उघडून उभा राहिलो, तर ते वळसा घालून मागे गेले.

वकील स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात आले. "बाबा, बाहेर का? आत या. तुमच्या मुलाने घर अगदी जसंच्या तसं केलंय बघा. आधी पाणी घ्या."



आबा त्या दगडावर उकिडवे बसले, आणि तांब्याला हात न लावता त्यांनी ओंजळ पुढे केली.