फ्रॉकची मागची बाजू

आई गेल्यावर तिच्या तरुणपणीच्या फोटोतला फ्रॉक मी तिच्याच मशीनवर हुबेहूब शिवायला घेतला. कॉलर, फुग्याच्या बाह्या, कमरेच्या चुण्या, सगळं जमलं. पाठ मात्र फोटोत दिसेना. अंदाजाने शिवली, पुन्हापुन्हा उसवली. शेवटी फ्रॉक घेऊन मावशीला गाठलं.

"मागून कसा होता गं?"

मावशी हसतच सुटली. "अगं वेडाबाई, मागून नव्हताच! स्टुडिओतला फ्रॉक तो, नुसती पुढची बाजू. ताईच्या मागे लपून दोन्ही टोकं मीच धरली होती. मला शिंक आली, तर म्हणते कशी, मेलीस तरी सोडू नकोस!"

 

मी पाठ उसवून टाकली, फ्रॉक अंगात चढवला आणि मावशीपुढे पाठमोरी उभी राहिले. "धर."