किसनसिंगची हाळी

राजूनं मोबाइल आडवा धरला आणि खेळ सुरू केला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल निघाले, धुरळा उडाला, आणि मोबाइलमधून किसनसिंगची हाळी आली, "हो हो होऽऽ". बैल पाण्यापाशी थांबले.

खाटेवर पडलेला किसनसिंग उठून बसला. आपलाच आवाज ऐकून तो लहान पोरासारखा हरखला. त्याची लेक निता मात्र मोबाइलवर वाकली. चित्रं तिनंच काढलेली होती, बैलही तिचेच. फक्त शिंगं आता चकचकीत झाली होती आणि खेळाच्या सुरुवातीला एका कंपनीचा शिक्का येत होता. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर खेळ बनवला की तो शिक्का येतोच. हे तिला राजूनंच शिकवलं होतं.

शिरपूरचा राजू आणि मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची निता. दोघांनी मिळून तीन वर्षं हा खेळ रचला. जुन्या काळी तांड्यातली माणसं बैलांवर मीठ लादून मुलुखभर हिंडत, ती लदेणी खेळणाऱ्यानं हाकायची. निता आधी कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर काम करत होती. राजूनं तिला बसवून समजावलं होतं, की कंपनीचं म्हणजे भाड्याचं घर, मालक म्हणेल तेव्हा बिऱ्हाड उचला. खुलं सॉफ्टवेअर सगळ्यांचं, तिथून कोणी हाकलत नाही. निताला पटलं. आठ महिन्यांचं केलेलं काम तिनं टाकून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण तोवर तिनं फक्त शाळेच्या पेपरात पूर्ण केली होती.

राजू सांगत होता. त्या कंपनीच्या पुण्यातल्या लोकांना खेळ आवडला, पण त्यांना तो त्यांच्याच सॉफ्टवेअरवर हवा होता. म्हणून सहा महिने बसून त्यानं तो नव्यानं केला. या सहा महिन्यांत तो निताला दिवसाआड फोन करत होता. बैल पाण्यात अडकतात, काय करू, असं विचारायचा आणि ती सांगायची. आपण कोणाचे बैल सोडवतोय हे तिला आज कळलं.

"चोरी नाई केली मी," राजू म्हणाला. "खेळ आपनच खुला ठेवला होता. कोनीबी न्या, कायबी करा, असं तूच लिवलं ना तिथं?"

लिहिलं होतं तिनंच, खाली स्वतःचं नाव घालून. केसानं गळा कापतात तो असा. जखम दाखवायलाही जागा उरत नाही.

"मंग इथं कायले आला?" तिनं विचारलं.

तो आवाजासाठी आला होता. निताच्या खेळातून किसनसिंगचा आवाज तेवढा काढून टाकायचा, बाकी तिचं तिला लखलाभ. कंपनी मागे लागली होती म्हणे.

"आवाज बाचा हाये."

"काकानं लिहून देला," राजू म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर कागदाचा फोटो उघडला.

चार पानं इंग्रजी. तळाशी वाकड्या अक्षरात किसनसिंग. तारीख सत्काराच्या दिवसाची. जुन्या हाळ्या जपल्या म्हणून राजूनं त्याला शिरपूरला बोलावून शाल पांघरली होती, नारळ दिला होता, टाळ्या वाजवल्या होत्या. तो फोटो निताच्याच हातानं भिंतीवर लागला होता.

किसनसिंग गोंधळून दोघांकडे बघत होता. सत्काराच्या कागदावर सही करावी लागते, असं त्याला सांगितलं होतं. आणि खेळ निताचाच, असंही.

"तुह्याच खेळाचं हाये म्हने ना हा?" त्यानं लेकीला विचारलं. राजू तोवर चपला घालून अंगणात उतरला होता.

राजूनं पाठवलेला कागदाचा फोटो चारदा वाचला तरी निता एकाच ठिकाणी येऊन अडत होती. किसनसिंगच्या हाळ्या यापुढे दुसऱ्या कुठल्याही खेळात वापरता येणार नाहीत, जुन्याही नाहीत आणि नव्यानं भरलेल्याही नाहीत. ठेवल्या तर कंपनी तिचा अख्खा खेळच इंटरनेटवरून काढायला लावेल. तिनं लॅपटॉप उघडला. एक्केचाळीस हाळ्या होत्या. ऊसतोडीवरून बाप परत आला त्या महिन्यात एकेक करून भरलेल्या. तिनं सगळ्या निवडल्या आणि पुसल्या.

किसनसिंग पाठीमागे येऊन उभा होता.

"पुसला म्हंजे गेला काय आवाज?"

"गेला, बा."

"मंग त्यात रडाचं काय हाये? मी हाये ना. पुन्हा भरून घे."

नव्या आवाजाचंही तो लिहून देऊन बसलाय, हे सांगायला निताचं तोंड उघडेना. किसनसिंगनं मुंडासं काढून बाजूला ठेवलं, खाकरून गळा साफ केला आणि माइकसमोर मांडी घातली. बैल उठवायची हाळी, चढावाची हाळी, पाण्यापाशी थांबवायची हाळी. आज्यानं त्याला शिकवल्या तशा, डोळे मिटून, एकामागून एक. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. निता हेडफोन लावून समोर बसली होती आणि मान डोलावत होती. रेकॉर्डिंगचं बटण तिनं दाबलं नव्हतं.

एक्केचाळिसावी हाळी देऊन त्यानं डोळे उघडले.

"बरं आलं काय?"

"पह्यल्यापेक्षा चांगलं," निता म्हणाली.