टीव्हीवरचा नमस्कार

दर शुक्रवारी टीव्हीवर लागणाऱ्या शब्द ओळखायच्या खेळाला तीस वर्षं झाली, आणि आमच्या सासूबाई क्लावदिया यांनी त्यातला एकही भाग चुकवलेला नाही. मला त्यात खेळायचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी सूत्रसंचालकाला भेट म्हणून खारवलेल्या अळंब्यांची बरणी माझ्या हातात दिली. "गेन्नादी, जिंकणं तुला जमायचं नाही. पण बरणी माझी आहे, तर नावही माझंच घ्यायचं."

मी पहिल्याच अक्षराला बाद झालो. पण त्याआधी, त्या खेळाच्या रिवाजाप्रमाणे, कॅमेऱ्यात बघून सासूबाईंपासून सुरुवात करून आमच्या अर्ध्या किनेश्मा गावाला नमस्कार सांगितले.

भाग लागला त्या संध्याकाळी सासूबाईंनी अख्ख्या इमारतीला चहाला बोलावलं. कार्यक्रमवाल्यांनी मात्र कात्री चालवली होती. अळंब्या दिसल्या, माझी फजिती साग्रसंगीत दिसली, आणि नमस्कार एकच उरला: "शेजारच्या रिम्माला विशेष नमस्कार, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण तिनंच लावून दिलं."

मग बायकोनं रिम्माच्या कपात स्वतः चहा ओतला आणि मला विचारलं,

"बटण लावताना शर्ट अंगात होता का?"