काढले जाणारे पॅकेज: मालवणी

पक्षाघातानंतर दाजी परुळेकर डोक्यात बसवलेल्या यंत्राच्या आधारानेच बोलत. आज ते अपग्रेडसाठी बंद होतं. तंत्रज्ञ इरावतीने कळ दाबली आणि पडद्यावर सूचना आली: 'मालवणी' हे पॅकेज काढलं जाईल.

"काढतले म्हंजे?" दाजींची बायको सुलभा कडाडली.

"काकू, ते एका जुन्या ध्वनी-पॅकेजवर अवलंबून आहे. नव्या आवृत्तीत ते नाही. प्रमाण मराठी राहील."

"चाळीस वर्सां ह्ये माझ्यावांगडा मालवणीत भांडले. आता काय बातम्यो वाचल्यासारखे बोलतले?"

दाजींनी बऱ्या हाताची मूठ खुर्चीवर आपटली.

इरावतीने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मालवणीचे फक्त अकरा वापरकर्ते आहेत. काढून टाका."

"तुमची जीभ काढली तर चालेल?" तिने फोन आदळला.

तिने जुन्या साठ्यातून ते ध्वनी-पॅकेज शोधलं आणि नव्या प्रणालीत वेगळ्या जागी बसवलं. दोनदा सगळं कोलमडलं. तिसऱ्यांदा मालवणी टिकली.

यंत्र सुरू झालं. दाजींनी घसा खाकरला.

"फोन लाव गो त्येंका," ते इरावतीला म्हणाले. "आता मी बोलतंय."