मोकळ्या हवेतला महाभियोग

सभागृहाच्या दारातच खासदार इंदुमती घोलप थबकल्या. भांडणं होऊ नयेत म्हणून आतल्या हवेत मन शांत करणारा वायू सोडत. धरण फुटणार हे ठाऊक असूनही गप्प राहिलेल्या राष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोग त्यामुळेच दोनदा बारगळला होता. आत गेल्यावर धरण फुटून आलेल्या पुरात वाहून गेलेली बहीण आठवूनही इंदुमतींना राग येत नसे.

“आत या ना, बाई,” सभापती गोड हसले.

“तुम्हीच सगळे बाहेर या!” त्या ओरडल्या.

सदस्य निमूट बाहेर आले. मोकळा वारा लागताच कुणाला रडू फुटलं, कुणी मुठी आवळल्या. संतापलेल्या सभापतींनी तिथेच महाभियोगावर मतदान घेतलं. दोन तृतीयांशांहून जास्त हात वर गेले.

“आत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढल्याचं सांगून येतो,” सभापती म्हणाले.

“आत नको,” इंदुमतींनी अडवलं. “त्यांनाही बाहेर बोलवा. ऐकून काहीतरी वाटू दे त्यांना!”